द्राक्षारसास तीव्र विरोध

यिर्मया आढाव शारजात का राहतो असं विचारलं, तर तो भाडं कमी आहे म्हणून सांगत नाही, आणि वर्कशॉप जवळ आहे असंही सांगत नाही. "इथं दारू मिळत नाही," एवढंच सांगतो, आणि समोरच्यानं मान डोलवेपर्यंत त्याच्याकडे बघत राहतो.

"अख्ख्या आखातात ख्रिस्ती माणसानं राहावं असं हे एकच शहर आहे," असं तो एकदा मुश्ताकला म्हणाला.

"आणि ते आम्ही सांभाळलंय," मुश्ताक म्हणाला. "थँक्यू तरी म्हण."

मुश्ताक रत्नागिरीचा. औद्योगिक क्षेत्रात यिर्मयाच्या वर्कशॉपला लागूनच त्याचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियातला करक, म्हणजे वेलदोडा घातलेला कडक दुधाचा चहा दोघं इतकी वर्षं एकत्र पीत आलेत की कॅफेटेरियाचा मालक बदलला तेव्हा नव्या मालकाला दुकानाबरोबर हे दोघंही मिळाले.

यिर्मया मूळचा नगर जिल्ह्यातल्या टाकळीचा. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्या वर्कशॉपात तो फोरमन आहे, आणि शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, शारजातल्या मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, 'वडील' असतो. मंडळीत वडील हे पद आहे. वयाशी त्याचा संबंध नाही, पण यिर्मया तिशीत होता तेव्हापासून त्या पदाला शोभेल असाच दिसत आलेला आहे. ज्या संदेष्ट्यावरून त्याचं नाव ठेवलं, तो लोकांच्या पापांवर रडायचा म्हणतात. आमचा यिर्मया रडत नाही. तो लोकांना फोन करतो.

सुपरमार्केटात तो व्हिनेगरच्या बाटलीवरचं बारीक अक्षर चष्मा कपाळावर चढवून वाचतो. माउथवॉश घरात येत नाही. नाताळच्या केकमधल्या मनुका सगुणा संत्र्याच्या रसात भिजवते, आणि त्या आंबण्याच्या आत केक भट्टीत गेला का हे तो दोनदा विचारतो. करोनात सॅनिटायझर हाताला चोळताना त्यानं श्वास रोखून धरलेला सगुणानं स्वतः पाहिलाय. सगुणा म्हणजे त्याची बायको. एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला असते. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायचा तिला पगार मिळतो. संध्याकाळचं काम फुकट आहे, असं ती म्हणते.

या सगळ्या कडकपणाच्या मागं एक माणूस होता. त्याचा धाकटा भाऊ, मिथुन. थोरल्याचं नाव वडिलांनी शास्त्रातून, म्हणजे बायबलातून ठेवलं. धाकट्याच्या वेळी आईचं चाललं आणि तिनं ते सिनेमातून ठेवलं. यिर्मयाच्या मते पुढचं सगळं त्यातूनच झालं.

पुढचं म्हणजे दारू. मिथुन पंधरा वर्षं प्यायला. बायको माहेरी गेली, नोकरी गेली, शेवटी टाकळीच्या स्टँडवर झोपायची वेळ आली. मग एक दिवस तो आपल्या पायांनी व्यसनमुक्ती केंद्रात गेला, आणि बाहेर आल्यावर तीन वर्षं त्यानं थेंबाला हात लावला नाही. यिर्मयानं त्याला गावातच किराणा दुकान टाकून दिलं. बायको परत आली. गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांमागं बसलेल्या मिथुनचा फोटो यिर्मयाच्या मोबाइलच्या पडद्यावर असतो. मनालीचा, स्वतःच्या मुलीचा, नसतो. ती म्हणते, "इट्स फाइन, आय अम नॉट अ सक्सेस स्टोरी."

आणि नेमकं त्या डिसेंबरात, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, किराणा दुकानांतून वाइन विकायला परवानगी देणारं विधेयक येणार अशी बातमी आली.

यिर्मयानं ती वर्कशॉपात वाचली आणि लगेच टाकळीला फोन लावला.

"हो दादा, तो सेल्समन येऊन गेला," मिथुन म्हणाला. "कायदा झाला की फ्रीज फुकट देतो म्हणतोय. समोरचा ठेवणारच आहे. मी नाही ठेवलं तर गिऱ्हाईक तिकडं जाईल."

"तुझ्या दुकानात? तुझ्या पाठीमागच्या फळीवर?"

"फळीवर नाही दादा, फ्रीजमधी."

यिर्मयानं त्यानंतर जे सांगितलं ते पाऊण तास चाललं. मिथुन मधून मधून "हं" म्हणत होता. शेवटी शेवटी "हं"सुद्धा बंद झालं.

भावाच्या दुकानात बाटली येऊ द्यायची नसेल तर कायदाच अडवायला पाहिजे, असं यिर्मयानं ठरवलं. त्यानं टाकळीच्या आमदारांचा पीए शोधून काढला. त्याचं नाव नागेश. तो नागपूरला साहेबांबरोबर होता.

"काका, साहेबांचं अजून ठरलं नाही," नागेश म्हणाला. "पब्लिक काय म्हणतं ते बघून बोलतील. पब्लिकचे मेसेज आले तर साहेब नक्की बोलतील."

पब्लिक यिर्मयाकडे होतं. पुढच्या शुक्रवारी उपासना संपल्यावर तो मंडळीपुढं उभा राहिला. विधेयकाचं नाव काढताच चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, खुर्चीतून अर्धे उठले.

"आढाव, प्रार्थना कितीही करा. राजकारण चर्चच्या आवाराच्या आत नको. आपण इथं पाहुणे आहोत."

"राजकारण नाही पाळकसाहेब. विनंतीप्रार्थना आहे."

"मग डोळे मिटून करा."

यिर्मयानं डोळे मिटले. "हे प्रभू," तो म्हणाला, "कलम चार, पोटकलम दोन सभागृहापुढं येण्याआधी तुझा हात मध्ये घाल. पोटकलम तीनमध्ये 'किराणा दुकान' या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, ती तू जाणतोसच."

मंडळीनं पोटकलमाला आमेन म्हटलं. पेटी वाजवणारी सोनम शेजारणीच्या कानात म्हणाली, "दुरुस्तीसूचना राहिली वाटतं." शेजारणीला खोकला आला.

मंडळीचा ग्रुप होताच. त्या संध्याकाळी आवाराबाहेर, गाडीत बसून, यिर्मयानं दुसरा उघडला. नाव ठेवलं 'घर वाचवा'. त्यातल्या कुणीही गेल्या तीन निवडणुकांत मत दिलेलं नव्हतं, पण आमदाराला जाब विचारायचा उत्साह सगळ्यांना होता. सोनम तर सोलापूरची. "मी कुठं त्या आमदारांची मतदार?" तिनं विचारलं. यिर्मया खोटं बोलायला लावणाऱ्यांतला नाही. त्यानं विचार करून सांगितलं, "तू फक्त 'आपली चिंताग्रस्त भगिनी' असं लिही."

निवेदन त्यानं घरी जेवणाच्या टेबलावर लिहिलं. शुद्ध मराठीत, वडिलांना आवडलं असतं अशा. 'किराणा दुकानांतून द्राक्षारसाची विक्री करण्यास आमचा तीव्र विरोध आहे. द्राक्षारसाने आजवर अनेक घरे उद्ध्वस्त केली आहेत. आपल्या तालुक्यातील तरुणांना द्राक्षारसापासून वाचवा.'

सगुणा ओट्यापाशी होती. पुढच्या शुक्रवारी मंडळीत प्रभुभोजनाचा विधी होता, त्यासाठी तिनं काळ्या मनुका उकळायला ठेवल्या होत्या. शारजात दुसरं काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मनुकांचं ते गाळलेलं पाणी इवल्या इवल्या पेल्यांतून मंडळीत फिरायचं, आणि त्यालाही द्राक्षारसच म्हणायचे.

"वाच जरा," यिर्मया तिला म्हणाला.

तिनं हात पुसून वाचलं. "चांगलं लिहिलंय. 'उद्ध्वस्त'मधला द बरोबर आहे का बघा."

मनालीनं वाकून बघितलं. "पप्पा, वाय आर यू बॅनिंग ज्यूस?"

"ज्यूस नाही. द्राक्षारस."

"दॅट इज ज्यूस. द्राक्ष मीन्स ग्रेप्स, रस मीन्स ज्यूस. आय हॅड मराठी टिल फोर्थ."

"चौथीच्या मराठीवर विधानसभा चालत नाही," यिर्मया म्हणाला.

"पोरीला शास्त्र वाचायला लावा म्हणून किती वेळा सांगितलं," सगुणा म्हणाली.

नवराबायकोचं काही चुकत नव्हतं. ते ज्या घरांत वाढले तिथं वाइनला द्राक्षारस म्हणतात. शास्त्रात द्राक्षारसच आहे, गीतांत द्राक्षारसच आहे, आणि लग्नघरी येशूनं पाण्याचा जो द्राक्षारस केला तो काही ज्यूस नव्हता, हे शब्बाथशाळेतल्या पोरालाही माहीत असतं. आवाराबाहेरच्या मराठीत तो शब्द गाळणीतून गाळून, साखर घालून, ग्लासात बर्फ टाकून देतात, हे दोघांच्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलेलं माणूस टेबलाखाली पाय हलवत इअरफोन लावून बसलं होतं.

"ते आमदारांचं ठीक आहे," मनुकांखालचा गॅस बारीक करत सगुणा म्हणाली, "पण मिथुनभावजींना विचारलंत का?"

"त्याला काय विचारायचं? त्याच्याच भल्याचं आहे."

"म्हणून म्हटलं."

ते निवेदन नव्वदजणांनी पाठवलं. काहींनी खाली हात जोडलेले टाकले, काहींनी क्रूस, एकानं चुकून केक टाकला. यिर्मया दर तासाला ग्रुपवर विचारायचा, 'पाठवले का?' ज्यांनी पाठवलं नव्हतं त्यांना तो फोन करायचा. दोघांनी केवळ फोन बंद व्हावा म्हणून पाठवलं.

चौथ्या दिवशी दुपारी नागेशचा मेसेज आला. सोबत व्हिडिओ. 'काका, साहेबांनी तुमचा विषय सभागृहात मांडला.'

यिर्मया वर्कशॉपात होता. त्यानं ग्राइंडर बंद करायला लावला. पलीकडून मुश्ताकला हाक मारली. "ये, ये. बघ. नागपूर."

मोबाइल टूलबॉक्सवर टेकवून त्यानं आवाज पूर्ण वाढवला. आमदारसाहेब उभे होते. एका हातात कागद होता.

"अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातले ख्रिस्ती बांधव आज आखातात आहेत. तिथून त्यांनी मला नव्वद मेसेज केले."

यिर्मयानं मुश्ताकच्या खांद्यावर हात ठेवला.

"ते म्हणतात, किराणा दुकानात द्राक्षांचा रस विकू नका. त्यानं घरं उद्ध्वस्त होतात. अध्यक्ष महोदय, आता उद्या म्हणतील उसाचा रस बंद करा!" सभागृहात हशा झाला. "परवा म्हणतील, लिंबू पिळू नका! मी त्यांच्या भावनांचा आदर करतो. पण माझ्या तालुक्यात द्राक्षाच्या बागा आहेत. माझ्या बागायतदाराच्या पोटावर पाय द्यायचा असेल तर तो माझ्या छातीवरून द्यावा लागेल. मी या विधेयकाला संपूर्ण पाठिंबा देतो."

बाकं वाजली. व्हिडिओ तिथंच संपला.

मुश्ताकनं हळूच विचारलं, "तू नक्की काय लिहिलं होतंस?"

यिर्मयानं दाखवलं. मुश्ताकनं वाचलं. ओठ आवळून धरायचा त्यानं प्रयत्न केला, पण तो फार टिकला नाही. तो ट्रकच्या टायरवर बसला आणि हसला, चष्मा काढून हसला. "अरे आढाव, नव्वद माणसं लावून तू सरबत बंद करायला निघालास होय? घरी जाऊन मैमुनाबीला सांगू दे. आमच्याकडं रमजानला काय प्यायचं ते आधीच विचारून ठेवतो."

यिर्मयानं त्याच्या हातून मोबाइल परत घेतला. मुश्ताकनं चष्मा परत लावला आणि त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"मग आता भावाच्या दुकानाचं काय?" त्यानं वेगळ्या आवाजात विचारलं.

यिर्मयानं नागेशला फोन लावला. "अरे, द्राक्षारस म्हणजे वाइन!"

"काका, मग वाइन लिहायचं ना," नागेश म्हणाला. त्याच्यामागं कुणीतरी चहा मागवत होतं. "मराठीत लिहायची काय गरज होती?"

त्या संध्याकाळी 'घर वाचवा' ग्रुपवर कुणीतरी ती क्लिप टाकली. मग सोनमचा मेसेज आला, 'वडील, शुक्रवारचं प्रभुभोजन चालू आहे ना? की त्यालाही आपला तीव्र विरोध?' बारा जणांनी त्याला अंगठा दिला. मग अंगठे काढून घेतले, पण यिर्मयानं ते पाहिले होते. पाळकसाहेबांनी फक्त लिहिलं, 'आवाराच्या बाहेर झालं, बरं झालं.'

दुसऱ्या दिवशी सभागृहात भलत्याच विषयावर गोंधळ झाला आणि वाइनचं विधेयक समितीकडं गेलं. पुढच्या अधिवेशनापर्यंत खलास. यिर्मया ग्रुपवर 'प्रार्थनेचे उत्तर' असं टाइप करत होता. सगुणा भाजी निवडता निवडता नुसती त्याच्याकडं बघत होती. त्यानं टाइप केलेलं एकेक अक्षर करून पुसलं.

मिथुनला फोन करायचं मात्र त्याच्यानं होईना. टाकळीत ती क्लिप पोचली असणार. नागपूरपासून शारजापर्यंत पोचायला तिला जेवढा वेळ लागला, त्याच्या पावपट वेळात ती स्टँडवर पोचली असणार. गिऱ्हाइकं भावाला काय म्हणत असतील ते त्याला न सांगता ऐकू येत होतं. तो पोरगा तीन वर्षं मान खाली घालून दुकान चालवतोय, आणि आता त्याच्या थोरल्या भावावर सगळं गाव हसतंय. माणूस अशाच वेळी परत पितो. यिर्मयानं ते पंधरा वर्षं बघितलं होतं.

फोन शेवटी मिथुननंच केला. यिर्मया जेवायला बसला होता.

"दादा, ज्यूसवाले."

यिर्मयानं घास खाली ठेवला.

"सकाळपासून पोरं येत्यात दुकानात," मिथुन म्हणाला. "'मिथुनशेठ, द्राक्षाचा ज्यूस हाय का, की दादानं बंद केला?' दहा जण झाले, वीस जण झाले. मग मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, ज्यूस नाही रे, वाइन. आमच्यात वाइनला द्राक्षारस म्हणत्यात. आणि माझ्या भावानं ते माझ्यासाठी लिहिलं. मी पुन्हा पिऊ नये म्हणून. असं तोंडानं पहिल्यांदा बोललो दादा, गिऱ्हाइकांपुढं. सगळ्यांना माहितीच होतं, पण मी बोललो नव्हतो."

यिर्मयानं ताट बाजूला सरकवलं. सगुणानं पोळी लाटता लाटता वळून बघितलं.

"आता ऐक," मिथुन म्हणाला. "तो सेल्समन उद्या परत येतोय. म्हणतो, कायदा आज ना उद्या होणार, फ्रीज आत्ताच ठेवून घ्या, तोवर कोल्ड्रिंक ठेवा. उद्या संध्याकाळी मी तुला फोन लावीन आणि काउंटरवर ठेवीन. तू फोनवर राहायचं."

"मी बोलतो त्याच्याशी. मला दे. मी त्याला..."

"तू बोलायचं नाही."

"म्हणजे?"

"एक शब्द नाही. दादा, तू बोलायला लागलास की मी लहान होतो. आणि लहान झालो की हट्टाला येतो. तू नुसतं राहा."

"आणि तू हो म्हणालास तर?"

"तर ऐकशील. पण बोलायचं नाही. बघ, जमतंय का."

त्या रात्री यिर्मयानं सगुणाला विचारलं, "मला गप्प बसता येत नाही का गं?"

"मला कसं माहीत असणार?" सगुणा म्हणाली. "मी कधी बघितलं नाही."

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा वर्कशॉपात एका ट्रेलरचं काम चालू होतं. यिर्मया मोबाइल घेऊन मुश्ताकच्या दुकानात शिरला, मागच्या बाजूला, गॅस्केटच्या खोक्यांपाशी. मुश्ताकला त्यानं तोंडावर बोट ठेवून दाखवलं. मग आपलं बोलणं तिकडं जाऊ नये म्हणून स्वतःचंच तोंड हातानं दाबून धरलं.

टाकळीचं दुकान कानात शिरलं. वजनकाट्याचा आवाज, कुणीतरी शेंगदाणे मागणारं, मग एक गुळगुळीत आवाज.

"शेठ, फ्रीज बाहेर टेम्पोत आहे. काचेचा दरवाजा, आत लाइट. रुपया द्यायचा नाही."

"हं," मिथुन म्हणाला.

"समोरच्यानं कालच घेतला. तुमच्याकडंच गिऱ्हाईक जास्त, तुम्ही मागं कशाला राहता? कायदा झाला की कंपनी पहिला माल तुम्हाला देणार."

"हं."

यिर्मयाच्या घशात कलम चार, पोटकलम दोन, भावाची पंधरा वर्षं आणि आईनं त्याला ठेवलेलं नाव असं सगळं एकदम आलं. त्यानं हात आणखी घट्ट दाबला. मुश्ताकनं खोक्यावरचा चहाचा कप बाजूला सरकवला, उगाच धक्का लागायला नको म्हणून.

"लाइट चालू केल्यावर छान दिसतं," सेल्समन म्हणत होता. "संध्याकाळी दुकानात उठाव येतो. बघा तरी."

मिथुन काही बोलेना. "हं"सुद्धा नाही. कुणाचीतरी पिशवी भरल्याचा आवाज आला, कुणीतरी गेलं. यिर्मयाला ही शांतता माहीत होती. फोनवर कितीदा तरी त्यानं ती ऐकली होती, आणि दर वेळी प्रवचनानं भरून काढली होती. हाताखाली त्यानं तोंड उघडलं. मुश्ताकनं डोळे मोठे केले. त्यानं तोंड मिटलं.

"नको," मिथुन म्हणाला.

"शेठ, फुकट आहे."

"फुकट हाय ते कळलं. नको."

"अहो पण कारण काय? जागा नाही का?"

"जागा हाय," मिथुन म्हणाला. "तहान लागते मला. म्हणून."

सेल्समनला ते कळलं नसावं. तो हसला, कार्ड ठेवून जातो म्हणाला, टेम्पोचं दार लागलं. मग बराच वेळ तिकडून पंख्याचा आवाज येत राहिला.

"दादा," मिथुननं विचारलं, "आहेस का?"

यिर्मयानं तोंडावरचा हात काढला. बोटांचे वळ गालावर उमटले होते.

"आहे," तो म्हणाला.